शुद्ध हातकाम

भिंगवाल्या बाईंनी रुमाल उलटा केला आणि मालकीणबाईंनी श्वास रोखून धरला. भरतकामाची खरी परीक्षा उलट्या बाजूलाच होते. मशीनचं काम असलं की तिथे पांढऱ्या दोऱ्याची रांग दिसते, मागे लावलेल्या कागदाचे कपटे अडकलेले असतात, आणि चोरी उघडी पडते. भिंगवाल्या बाईंनी गळ्यातल्या भिंगातून असे कितीतरी चोर पकडले होते. हातकामाच्या सगळ्यात मोठ्या दुकानासाठी त्या माल निवडत. त्यांनी मान डोलावली की माणूस तरला, नाक मुरडलं की बुडाला.

मालकीणबाईंना आज तरायचंच होतं.

दुकानाच्या पाटीवर ‘शुद्ध हातकाम’ असं लिहिलं होतं. मागच्या खोलीत बारा सुयांचं मशीन होतं. या दोघांची गाठ पडू नये म्हणून मधलं दार कायम बंद असे आणि दुकानात रेडिओ मोठ्याने चालू असे. आज तर मशीनला सुट्टीच दिली होती. मालकीणबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. खालच्या बॉबिनमध्ये त्या वरच्याच रंगाचा दोरा भरत. मागे लावायचा कागद पाण्यात विरघळणारा आणत. आणि मुख्य म्हणजे, त्यांनी मशीनला चुकायला शिकवलं होतं. संगणकासमोर बसून त्यांनी एकेक टाका स्वतः बिघडवला होता. इथे जरा लांब, तिथे जरा आखूड, मधेच एखादं पान थकल्यासारखं वाकडं. दोन रुमालांवर एकच चूक येणार नाही, हेसुद्धा पाहिलं होतं. मशीन बिचारं आज्ञाधारक. सांगितलेली चूक ते बिनचूक करी.

उरलीसुरली उणीव सासूबाईंनी भरून काढली होती. रस्त्यावरून दिसेल अशा बेताने पुढच्या खिडकीत त्यांची खुर्ची मांडली होती. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर रिंगमध्ये ताणलेलं कापड, हातात सुई. समोर शोभेला मशीनचा अगदी पहिला रुमाल टांगलेला. चुका घालायच्या आधीचा, म्हणून विकायला निरुपयोगी. सासूबाईंनी जन्मात शर्टाचं बटण लावलं नव्हतं, पण त्यावाचून काही अडत नव्हतं.

“आई, तुम्ही नुसता हात वरखाली करायचा,” मालकीणबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आणि गिऱ्हाइकासमोर तोंडातून अक्षर काढायचं नाही. फक्त हसायचं.”

एरवी घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाई दिवसभर खिडकीत मुकाट बसत. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती साधना वाटे.

“वा!” भिंगवाल्या बाई म्हणाल्या. “इथे बघा, आजींचा हात थरथरलाय. मशीनला हे सात जन्मांत जमणार नाही.”

“वय झालं हो त्यांचं,” मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच भरून आलं.

रुमालामागून रुमाल पसंत होत गेला. मालकीणबाई मनातल्या मनात दुसऱ्या मशीनसाठी जागा शोधू लागल्या. गठ्ठ्यातला शेवटचा रुमाल हातात घेतला आणि भिंगवाल्या बाई थबकल्या. नक्षी तीच, नेहमीची. फांदी, पानं, फांदीवर पक्षी. पण एक टाका लांब नाही की आखूड नाही. पानं सगळी एकजात सरळ. त्यांनी भिंग लावलं, रुमाल उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“हा मशीनचा आहे.”

मालकीणबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पहिल्या लॉटमधला एखादा गठ्ठ्यात राहिला असणार! “अगंबाई, शेजारच्यांचा असेल,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “त्यांच्याकडे सगळं मशीनचंच. आला असेल चुकून.”

“एक असा निघाल्यावर बाकीच्यांवर मी विश्वास कसा ठेवायचा?” भिंगवाल्या बाईंनी पर्स खांद्याला लावली.

आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मालकीणबाईंनी दोरे कापायची कात्री उचलली. “असली लबाडी माझ्या दुकानात क्षणभर राहायची नाही!” असं म्हणत त्यांनी पक्ष्याच्या पोटातून रुमालाचे उभे दोन तुकडे केले.

खिडकीतली खुर्ची करकरली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, पण मालकीणबाईंनी असे डोळे वटारले की ते तसंच मिटलं.

“आजींच्या डोळ्यांत पाणी आलं हो!” भिंगवाल्या बाई विरघळल्या. “कलेवर केवढी ही निष्ठा!” त्यांनी जाऊन सासूबाईंचे हात हातात घेतले. बोटांची टोकं सुई टोचून टोचून खरखरीत झाली होती. “बघा, याला म्हणतात हातकाम,” त्या म्हणाल्या. सासूबाईंनी नाटकात बोटांचीसुद्धा कसर ठेवली नाही, याचं मालकीणबाईंना मनापासून कौतुक वाटलं.

भिंगवाल्या बाईंनी सगळा माल घेतला. वर्षभराचं काम दिलं. प्रत्येक रुमालाला आजींचा फोटो लावायचा, असं ठरवून त्या डोळे पुसत गेल्या.

दार लागलं तसं मालकीणबाईंनी हुश्श केलं. आता खुशाल बोला म्हणून सांगायला त्या वळल्या, तर सासूबाई खाली फरशीवर बसलेल्या. दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन त्या पक्ष्याची एक बाजू दुसरीला जुळवून पाहत होत्या.

“अहो आई, टाका तो कचऱ्यात. तुमचा चहा होईपर्यंत मशीन असा दुसरा काढेल.”

“मशीन काढेल गं,” सासूबाई म्हणाल्या. “मला हा काढायला अख्खा हिवाळा लागला.”