समोशाआधीचा फॉर्म

"ट्रेनिंगचा उपयोग झाला, हे कशावरून?" घाटपांडे साहेबांनी विचारलं. मी फीडबॅकचे फॉर्म पुढे केले. सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केली होती.

"फॉर्म दिल्यावरच समोसा मिळतो, मॅडम. मीही ‘उत्तम’च लिहिलं असतं."

"पण साहेब, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायला मी त्यांना..."

"ते कळलं हो! पुरावा कुठाय?"

तेवढ्यात वॉचमनला न जुमानता एक बाई केबिनमध्ये शिरल्या. "मी डिस्पॅचच्या बाबरांची बायको. यांना झालंय काय? काल मी बोलायला लागले तर यांनी टीव्ही बंद केला. सगळं ऐकून घेतलं. वर विचारलं, ‘आणखी काही?’ लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नाही. मला धसकाच बसलाय. नोकरी तर गेली नाही ना यांची?"

मी ट्रेनिंगचं सांगितलं. बाई हसत सुटल्या, डोळे पुसत निघून गेल्या.

साहेबांनी फॉर्म बाजूला सारले. "पुढची बॅच कधी?"

"सोमवारी."

"मला आजच शिकवा. संध्याकाळी बाबरबाईंची आणि आमच्या हिची भिशी आहे."