चिखलातलं झाड

गावच्या घाटाखाली सुबल उकिडवा बसला होता. ओहोटीनं काठ उघडा पडला होता आणि उतरत्या पाण्यानं त्या चिखलात झाड काढलं होतं. खोडाला फांद्या, फांद्यांना काटक्या, काटक्यांना केसाएवढे फाटे.

"काटकी फांदीसारखी, फांदी झाडासारखी. अन् हे झाड आपल्या खाड्यांसारखं," तो म्हणाला. "दोन ओघळ मिळतात तिथं मधल्या चिखलाला टोक येतं. ते कुठं बघतं?"

"समुद्राकडं." अणिमा होडीत खेकडे धरायची दोरी गुंडाळत होती. "कालही हेच, परवाही हेच. वाट विसरायला लागलात का, काका?"

"वय झालं, पोरी," तो हसला.

तिला हसू आलं नाही. वाट विसरणाऱ्याबरोबर सुंदरबनात कोण जाईल? पण सुबल तिच्या आईचा दुसरा नवरा. अणिमा सात वर्षांची असताना तो घरात आला, तेव्हापासून ती त्याला काकाच म्हणायची. त्यानं दुसरं काही कधी मागितलं नाही. रानात तर तेवढंही म्हणायचं नसे. तिथं कुणी कुणाला हाक मारत नाही. मामा हाक ऐकून ठेवतो, आणि ज्याला हाक मारली त्याला नेतो. वाघाचं नावही तिथं घेत नाहीत, मामाच म्हणतात. नुसतं 'कू' करायचं. समोरून 'कू' आलं, की माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी रानात धुकं उतरलं. अडकलेली दोरी सोडवायला सुबल एका अरुंद खाडीच्या तोंडाशी उतरला आणि दिसेनासा झाला.

"कू," अणिमानं केलं.

"कू."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा केलं. उत्तर आलं नाही.

तिनं होडी आत घातली. काठावर त्याचा गमछा पडला होता. त्याच्याजवळून काहीतरी ओढत नेल्याची खोल चरी झुडपांत गेली होती, आणि चरीच्या बाजूचे ठसे अजून पाण्यानं भरत होते.

तिनं गमछा उचलला. तोंडातून आवाज निघू दिला नाही. वल्ह्यानं काठाला रेटा देऊन होडी मागं घेतली.

पुढं तीन तोंडं लागली. आपण कुठून आलो, ते तिला कळेना. ओहोटी संपली होती, पाणी जागच्या जागी उभं होतं. आता भरती चढली की काठ बुडणार, आणि ती होडीला आणखी आत ढकलणार. मागं झुडपात काहीतरी हललं.

तिनं चिखलाकडं पाहिलं. दोन खाड्यांच्या मध्ये जमिनीचं निमुळतं टोक होतं. ते ज्या तोंडाकडं बघत होतं, तिकडं तिनं होडी वळवली. पुढच्या फाट्यावर पुन्हा टोक शोधलं. त्यापुढच्या फाट्यावर पाणी टोकावर चढू लागलं होतं. वल्हं बुडवून चाचपत तिनं ते शोधलं.

मग काठ एकदम दूर सरले. मोठी नदी आली. धुक्यापलीकडं होड्यांतली माणसं बोलत होती.

अणिमानं वल्हं आडवं ठेवलं. या रानात सुबल कधी कुठल्या फाट्यावर थांबला नव्हता. टोक बघायला कधी वाकला नव्हता. काल घाटावरसुद्धा तो काहीच विसरलेला नव्हता.

ती रानाकडं तोंड करून उभी राहिली. रानानं ऐकलं तरी आता न्यायला काही उरलं नव्हतं.

"बाबा," तिनं हाक मारली.