बर्फाची पेटी

लसीकरणाच्या सिस्टरना सगळा दवाखाना ‘बर्फवाल्या बाई’ म्हणायचा. आजवर त्यांच्या हातची एकही लस गरम झाली नव्हती. ड्रायव्हरनं पेटीचं झाकण जरा उघडं टाकलं, की त्या त्याला फाडून खायच्या.

म्हणूनच वसतिगृहातली एक मुलगी तापानं फणफणली, तिची मान लाकडासारखी ताठली आणि मेंदूज्वराच्या शंकेनं डॉक्टरांनी तिच्या पाठीतलं पाणी काढलं, तेव्हा ती नळी प्रयोगशाळेत पाठवायचं काम आपसूक बाईंकडे आलं. त्यांनी ती तान्ह्या बाळासारखी जपून बर्फात बसवली.

अहवाल आला, नळीतल्या पाण्यात जंतू वाढले नाहीत. साथ नाही म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मैत्रिणींना खबरदारी म्हणून द्यायच्या गोळ्या कपाटातच राहिल्या, वेगळ्या ठेवलेल्या मुली पुन्हा एका खोलीत झोपू लागल्या. बाई तर वॉर्डनला म्हणाल्याही, “उगाच धसका घेतलात हो!”

आज प्रयोगशाळेतून फोन आला.

“सिस्टर, ती नळी बर्फात कुणी ठेवली होती?”

“मीच की,” बाई शाबासकीच्या आशेनं म्हणाल्या. “गारेगार पोचली ना?”

“अहो, गार ठेवायची ती लस. हे जंतू गारठ्यानं मरतात, म्हणून वाढले नाहीत. नळीतले मेले, एवढंच.”

बाईंनी फोन ठेवून वर पाहिलं.



दारात वॉर्डन उभ्या होत्या, आणि त्यांनी दंडाला धरून आणलेल्या दुसऱ्या मुलीची मान वाकत नव्हती.