अर्जुनाचं पान

नाथाजीनं भरलेलं पान पुढं सारलं. खिरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"आवं भावजी, काय झालं? आळणी झालंय व्हय?" शालूबाईनं विचारलं.

आळणी कुठलं! नवऱ्याच्या पितराला शालूबाई दरसाल त्याच्या पलटणीतल्या दोस्ताला जेवू घालायची. अर्जुनाचं पान नाथाजीपुढं. आणि हा बाबा तीस वर्षं मुकाट जेवून औंधाला परत जायचा. अर्जुना जपान्याच्या गोळीनं गेला, असं यानंच तिला सांगितलेलं. यंदा मात्र घास उचलवेना. आज सांगायचं म्हणजे सांगायचं. मग तिनं हाकलून दिलं तरी बेहत्तर.

"वैनी, अर्जुनाला जपान्यानं न्हाई मारलं. म्या मारलं."

शालूबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

नाथाजी भिंतीकडं बघत बोलत राहिला. ना रडू, ना राग. हजेरी घ्यावी तसा आवाज. चव्वेचाळीस साल. मणिपूरची राजधानी इंफाळ घ्यायला जपानी फौज चालून आलेली. शहराच्या अलीकडच्या एका गावात ती अडली. एका परसात मराठे, पलीकडच्या परसात जपानी. तीन दिवस कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळ झाली, पण धुक्यात स्वतःचा हात दिसेना. अर्जुना पाणी आणायला गेलेला. नाथाजी पहाऱ्यावर. कुंपणाशी पाचोळा वाजला.

"नाव घिऊन हाक मारली. गप. परत मारली. गपच. अर्जुना असता तर ओ दिली नसती का, वैनी? म्हनून चाप वढला."

थोड्या दिवसांनी जपानी मागं फिरले. इंफाळ वाचलं. साहेबानं सगळ्यांच्या पाठी थोपटल्या, नाथाजीचीसुद्धा.

"आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या," तो म्हणाला.

शालूबाईनं शिवी दिली नाही. तिनं पळी खाली ठेवली.

"किती येळा हाक मारलीसा?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा न्हाई?"

"न्हाई."

शालूबाई त्या न उष्टावलेल्या पानाकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली,

"परक्या मुलखात भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्या हाकंबिगर ओ द्यायची न्हाई, अशी यमाईची आन मीच घातली व्हती त्यास्नी."