नऊ चित्रपट, एकच गोष्ट

"तिकडे बसा," भिंतीवरची नजर न काढता दिग्दर्शक म्हणाला. "आणि त्या दोऱ्यांना हात लावू नका."

आलेला माणूस दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि कातडी पिशवी त्याने मांडीवर घेतली. दिग्दर्शकाने त्याला पाहताक्षणी ओळखलं होतं, पण तसं दाखवलं नाही. बावीस वर्षांपूर्वी 'कवचधारी'च्या पहिल्या चित्रपटात हाच नायक होता. आता केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. मालिका नव्याने येणार ही बातमी फुटल्यापासून जुनी माणसं अशीच उगवत होती. दुसऱ्या भागात मेलेल्या खलनायकापासून रंगभूषाकारापर्यंत सगळ्यांना दिग्दर्शकाची अचानक आठवण झाली होती. अनोळखी नंबरांवरून दिवसभर फोन यायचे. तो एकही उचलत नसे. हा थेट येऊन धडकला, एवढाच फरक.

काम घाईचं आहे, एकट्याशी बोलायचंय, असं त्याने बाहेर सहायिकेला सांगितलं होतं. सगळ्यांचं काम घाईचंच असतं.

"मी आलोय ते..." त्याने सुरुवात केली.

"कशासाठी आलात ते माहितीये मला. आधी हे बघा."

भिंत चांगली पंधरा पावलं लांबीची होती. वरपासून खालपर्यंत कार्डं, त्यांचे नऊ भाग, आणि त्या सगळ्यांतून ओवत नेलेले दोरे. लाल दोरा नायकाचा, काळा शत्रूचा. नऊ चित्रपट, पण गोष्ट एकच. पहिल्यात विचारलेला प्रश्न नवव्यात सुटणार होता.

मग दिग्दर्शकाने जुन्या मालिकेची सालटी काढली. चार चित्रपट, चार दिग्दर्शक, आणि एकाने काय केलंय याचा दुसऱ्याला पत्ता नाही. पहिल्यात नायकाचा बाप लोहार, तिसऱ्यात तोच बाप वैमानिक. दुसऱ्यात पुरलेली आई चौथ्यात मुलाच्या लग्नात मिरवत होती. आणि लोक टाळ्या पिटत होते. लोकांना डोकं दिलंय ते टोपी घालण्यापुरतं, असं त्याचं मत होतं आणि ते तो लपवत नसे.

"तुमच्याबद्दल बोलायचं तर," तो म्हणाला, "तुमच्यापेक्षा तुमच्या कवचाने बरा अभिनय केला होता."

"खरंय," तो माणूस शांतपणे म्हणाला. "मलाही ते तेव्हाच कळलं होतं."

पाहुण्याला राग आला नाही, याचा दिग्दर्शकाला अधिकच राग आला. लाचार माणसाचा निदान चेहरा तरी पडावा.

"तुम्ही बरेच बारीक झालात," पाहुणा म्हणाला. तो मघापासून टक लावून त्याच्याकडेच पाहत होता.

झालं, लोणी लावायला सुरुवात झाली. दिग्दर्शकाने ते ऐटीत घेतलं. तीन महिन्यांत आठ किलो गेलं, तेही व्यायामाशिवाय. काम माणसाला सडसडीत ठेवतं. बायको ताटात उरलेल्या अन्नावरून रोज कटकट करायची. पण तिला त्याचे चित्रपटही कळत नसत.

"हे सगळं व्हायला किती वर्षं लागतील?"

"चौदा."

त्या माणसाने मान खाली घातली. स्वतःचं वय मोजत असणार, दिग्दर्शकाला वाटलं. मोजू दे. चौदा वर्षं सगळा डोलारा एकाच माणसाच्या खांद्यावर राहणार, म्हणून कंपनीच्या मालकाच्या मेव्हण्याने विम्याचं टुमणं लावलं होतं. त्यापायी गेल्या आठवड्यात एक अख्खी सकाळ फुकट गेली होती. रक्त द्या, यंत्रात झोपा, श्वास रोखा. बाजारात बैलाचे दात बघावेत तसला प्रकार. ज्याने आयुष्यात स्वतःच्या डोक्याने एक ओळ लिहिली नाही, त्या मेव्हण्याने दिग्दर्शकाची किंमत ठरवावी.

पाहुण्याने पिशवीची चेन उघडली.

"फोटो नकोत," दिग्दर्शक म्हणाला. "चेहरा दिसतोय मला."

पिशवी तशीच उघडी राहिली. पहिला चित्रपट कधी पूर्ण होईल, असं त्या माणसाने विचारलं. दोन वर्षांनी, असं उत्तर मिळालं. त्याआधी काही होण्यासारखं नाही का, त्याने पुन्हा विचारलं. हावरटपणालाही काही सीमा असते, दिग्दर्शकाच्या मनात आलं.

"आणि पूर्ण गोष्ट? ती तुमच्याशिवाय कुणाला माहितीये?"

"कुणालाच नाही. भिंतीवर नुसता सांगाडा आहे. शेवट इथे आहे." त्याने कपाळावर बोट टेकवलं. "कागदावर उतरवला, तर उद्या मालकाचा मेव्हणाही दिग्दर्शक होईल."

"लिहून काढा," पाहुणा म्हणाला. "याच महिन्यात लिहून काढा. कुणाला तरी विश्वासात घ्या."

दिग्दर्शक हसला. ज्याला कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं धड पाठ होत नव्हती, तो त्याला कामाची शिस्त शिकवत होता. आता हे प्रकरण मिटवावं, असं त्याने ठरवलं.

"हे बघा. पहिल्या चित्रपटात एक म्हातारा पहारेकरी आहे. दहाव्या मिनिटाला मरतो. संवाद नाहीत. एका दिवसाचं काम. पटत असेल तर घ्या, नाहीतर दार उघडंच आहे."

आणि तो आभाराची वाट बघत उभा राहिला. रोजच्या दगदगीत एवढी एक गंमत त्याला आवडायची: मोठी मोठी नावं, आणि त्यांचा बारीक झालेला आवाज.

तो माणूस उठला. दाराकडे गेला नाही. त्याने आपली खुर्ची उचलून भिंतीजवळ आणली आणि दिग्दर्शकापुढे ठेवली.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. हा आवाज काही मागणाऱ्याचा नव्हता, आणि का कोण जाणे, दिग्दर्शक बसला.

"अभिनय मी त्या चित्रपटानंतर त्याच वर्षी सोडला आणि वैद्यकीचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. गेल्या आठवड्यातले तुमचे रिपोर्ट मीच तपासलेत," तो माणूस हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या घरचं कुणी आत्ता इथे येऊ शकेल का?"