सगळ्यांना कळेल असा विषय

शेजाऱ्यांची भांडणं हा समाजशास्त्राच्या बाईंचा विषय सर्व शाखांना खुला करायचा की नाही, हे विद्यापीठाची समिती ठरवणार होती. नाही म्हटलं, तर वर्गच बंद. निकष साधा: कोणत्याही शाखेच्या मुलाला कळावा. गेल्या वर्षी गणितवाले अध्यक्ष म्हणाले होते, “मलाच कळला नाही, पोरांना कपाळ कळणार!” म्हणून बाईंनी सुट्टीभर राबून तो सोपा केला. आज त्यांनी जिन्यातल्या बादलीवरून दोन शेजारणींत पेटलेलं भांडण सांगितलं. समिती कान टवकारून ऐकत होती. “वा! सगळं कळलं,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे यात खोली नाही. नामंजूर.” “अहो सर, कळावं हाच निकष ना?” “इतकं नाही, मॅडम.” बाई धुमसत उठल्या. अध्यक्षांनी त्यांना दाराशी गाठलं. “बादली शेवटी कोणाला मिळाली?” “चौथ्या तासाला कळतं, सर. तो तुम्ही आत्ताच बंद केलात.”