दोन घरांचं अनुदान

“आई, तू आतच बस. आणि साहेबांशी एक अक्षर बोलायचं नाही,” थोरल्यानं बजावलं आणि तो फाटक उघडायला गेला.

म्हातारी आत बसली, पण खिडकीपाशी. एवढा खेळ रंगणार आणि आपण कोपऱ्यात तोंड करून बसायचं, हे तिला कुठलं जमायला!

खेळच होता तो. सरकार पेरणीसाठी अनुदान देतं, पण एका घराला एकच. घरं दोन दाखवली तर अनुदानंही दोन. थोरल्यानंच तिला हे समजावलं होतं. मग अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली, धाकट्यानं कोठारात वेगळी चूल मांडली. पाडायच्या भिंतीला एवढं सिमेंट कशाला, असं तिनं विचारलंही होतं. “साहेब लोक ढकलून बघतात,” धाकटा म्हणाला. पैसे आले की भिंत पाडू, असा दोघांनी शब्द दिला होता. सरकारला थोडं बनवलं तर कुणाचं काय जातंय, म्हणून म्हातारीनं मान डोलावली. धाकट्या सुनेच्या हातची भाजी ताटात नसायची, तेवढं तिला चुकल्यासारखं व्हायचं.

साहेब तरुण होते, घामाघूम झाले होते. त्यांनी टेप काढली आणि विहिरीपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून गोठ्यापर्यंत मापं घेतली. म्हातारीला कौतुक वाटलं. सरकारी माणूस चहा पितो आणि सही ठोकतो, अशीच तिची आजवर समजूत होती.

“विहीर कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“माझी,” दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

म्हातारीला हसू आवरेना. लहानपणी खोटं बोलताना कान लाल व्हायचे दोघांचे, आणि आता बघा!

“ही खणताना मी होतो बाबांबरोबर,” धाकटा म्हणाला. “तेव्हा हा कुठे होता, विचारा त्याला.”

“तुझ्या लग्नासाठी पैसे जमवत फिरत होतो. विसरलास?”

“जन्मभर तेवढंच ऐकव. तुला दादा म्हणायची लाज वाटते मला.”

थोरली सून तोंड फिरवून उभी होती. भिंतीपलीकडे धाकटी डोळे पुसत होती. म्हातारीचं हसू विरलं. बास की आता, ती मनाशी म्हणाली, किती ताणायचं ते! खोटं का होईना, असलं काही एकदा तोंडातून गेलं की मनात घर करतं. तिला भीती वाटली. एकाच अनुदानात इतकी वर्षं भागलंच होतं की. जळो ते दुसरं.

भाऊ आपापल्या दारानं आत गेले. साहेब फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू करत होते. म्हातारी गुडघे धरत मागच्या दारानं निघाली आणि त्यांच्यापर्यंत पोचली.

“साहेब, थांबा जरा. पोरांना काही करू नका, पण हे सगळं खोटं आहे.”

“काय खोटं आहे, आजी?”

“भांडण, भिंत, ती दुसरी चूल, सगळंच. अहो, एकच घर आहे आमचं. पेरणीचं अनुदान दोनदा मिळावं म्हणून चाललेत हे उद्योग. आम्हाला एकच द्या. तुम्ही तसं लिहिलंत, की पोरं आजच भिंत पाडतील.”

साहेबांनी गाडी बंद केली.

“आजी, ते अनुदान एकरावर मिळतं. घर एक आहे की दोन, हे कुणी बघत नाही.”

“मग तुम्ही कशाला आलात?”

“वाटणीची मोजणी करायला,” साहेब हळूच म्हणाले. “अर्ज दोघांनी मिळून केलाय.”